बालाघाटच्या डोंगरात २०० किमीची सायकल राइड भरवायचीय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळी उरकली की आमच्या फोनवर तेच तेच प्रश्न यायला लागतात. लातूरवाले विचारतात, नांदेडवाले विचारतात, कन्नड गावच्या पोरांनी तर एकच प्रश्न तीनदा विचारला, म्हणून म्हटलं एकदाच सगळं लिहून टाकू. आम्ही अंबाजोगाईची पाच-सात टाळकी, नोकरी-धंदा सांभाळून ही राइड भरवतो. चुका भरपूर केल्यात, त्या पण खाली आहेत. प्रश्न लोकांनी जसे पाठवले जवळपास तसेच ठेवलेत.

१. ही रेस असते का? पहिल्या नंबरला काय देता?

रेस नाही. पहिला आला त्याला जे मेडल तेच शेवटच्याला, आणि दिलेल्या वेळेत पूर्ण केलं की झालं. पहिल्या वर्षी आमच्यातल्या एकाचं म्हणणं होतं की ट्रॉफी ठेवल्याशिवाय पोरं येत नाहीत. आम्ही ठेवली नाही आणि बरंच झालं, कारण बक्षीस म्हटलं की घाटाच्या उतारावर ब्रेक सोडणारे दहा जण निघतात आणि मग आपण अँब्युलन्सच्या मागं. शिवाय रेस म्हटली की रस्ता बंद करणं वगैरे आलं, म्हणजे परवानगीचं सगळंच गणित बदलतं (प्र. ७ बघा).

२. बीआरएम बीआरएम म्हणतात ती आणि आपली गावची राइड, फरक काय?

बीआरएम हा ठरलेल्या वेळेत लांब पल्ला पूर्ण करायच्या सायकल राइडचा, फ्रान्सच्या ऑडॅक्स क्लब पॅरिसियनचा प्रकार आहे, भारतात तो ऑडॅक्स इंडिया रँडोनर्समार्फत चालतो. त्यात प्रत्येकाला एक ब्रेव्हे कार्ड मिळतं, वाटेत ठरवलेल्या तपासणीच्या थांब्यावर, म्हणजे कंट्रोलवर, शिक्का नाहीतर सही घ्यायची, आणि निकाल पॅरिसला जाऊन मंजूर होऊन येतो. एकाच सीझनमध्ये २००, ३००, ४०० आणि ६०० पूर्ण केलं की सुपर रँडोनर म्हणतात. दर चार वर्षांनी होणाऱ्या पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिसला (१२०० किमी, जास्तीत जास्त ९० तास, मागची २०२३ ला झाली) जायचं असंल तर ह्याच राइड मोजल्या जातात.

आपली गावची राइड मंजुरीला कुठं जात नाही, पण नियम तिथलेच घ्या. वर्षानुवर्षं घासून पुसून तयार झालेत ते, उगं आपले नवीन काढत बसू नका. आणि बीआरएम हे नाव मात्र मान्यता असल्याशिवाय बॅनरवर टाकायचं नाही.

३. वेळ किती द्यायची? कंट्रोल कधी उघडायचा, कधी बंद करायचा?

२०० ला साडेतेरा तास, ३०० ला २०, ४०० ला २७, ६०० ला ४०. चहा, जेवण, पंक्चर, देवदर्शन सगळं त्यातच, घड्याळ थांबत नाही.

कंट्रोल बंद करायची वेळ साधारण ताशी १५ च्या हिशोबानं निघते, उघडायची ताशी ३४ च्या. म्हणजे १०० किमीवरचा कंट्रोल सुटल्यापासून २ तास ५६ मिनिटांनी उघडणार आणि ६ तास ४० मिनिटांनी बंद होणार. पहिल्या ६० किमीत थोडी सवलत असते, ताशी २० धरायचे आणि वर एक तास द्यायचा. लोक विचारतात २०० भागिले १५ म्हणजे १३ तास २० मिनिटं होतात मग साडेतेरा कसे? ती १० मिनिटं नियमातच वाढवून दिलेली आहेत, घ्या आणि गप बसा.

खरी गोष्ट अशी की तुमचे सगळे निर्णय शेवटी येणाऱ्या माणसाचं घड्याळ बघून घ्यायचेत. पुढचे दहा जण आठ-नऊ तासांत घरी जाऊन झोपतात, त्यांना तुमची गरजच नसती. शेवटचा माणूस १४० किमीवर किती वाजता असेल, तिथं ऊन असेल का अंधार, हॉटेल उघडं असेल का, हे कागदावर मांडा. खाली बहुतेक उत्तरं ह्याच हिशोबातून आलीत.

४. कोणत्या महिन्यात घ्यावी?

मे महिन्याचं विचारूच नका, पारा बेचाळीसच्या वर असतो. पावसाळ्यात आपले डोंगर दिसतात झकास, सौताड्याचा धबधबा, गौताळा सगळं हिरवंगार, पण घाटाचा भरवसा नाही. २०२१ च्या ऑगस्टअखेर दरडी कोसळून कन्नडचा घाट बंद पडला होता, आठवत असंल. १७ सप्टेंबरला घ्या असं दरवर्षी कुणीतरी म्हणतंच, मुक्तिसंग्राम दिन, झेंडावंदन करून सुटायचं, कल्पना भारी आहे पण परतीचा पाऊस तेव्हाच झोडपतो. त्या दिवशी ३०-४० किमीची फेरी काढा, दोनशे नको. ऑक्टोबरात ऊन परत तापतं आणि डांबरी रस्त्यावर अर्ध्या बाजूला सोयाबीन वाळत घातलेलं असतं, त्यावरून पातळ टायर गेलं की सायकल खाली आणि शेतकऱ्याच्या शिव्या वरून.

राहिले नोव्हेंबर ते फेब्रुवारी. डिसेंबरात थंडी मस्त पण दिवस लहान, सहाच्या आतच सूर्य बुडतो. आम्ही आता फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यावर आलोय, सकाळी साडेपाचला सुटतो, म्हणजे शेवटच्या माणसाची वेळ सात वाजता संपते आणि अंधार अर्धा-पाऊण तासच लागतो.

तारीख पक्की करायच्या आधी यात्रेचं कॅलेंडर बघा. नवरात्र ते कोजागिरी तुळजापूरकडचे रस्ते पायी जाणाऱ्यांनी भरलेले असतात, मार्गशीर्षात आमच्या योगेश्वरीची यात्रा, महाशिवरात्रीला परळी आणि वेरूळ दोन्हीकडं गर्दी, खुलताबादला शनिवारी भद्रा मारुती. बारावीची परीक्षा पण बघा, कंट्रोलला शाळेचं पटांगण धरलं असंल तर ऐनवेळी मिळत नाही.

५. रूट कसा काढायचा? सरळ जाऊन परत यायचं का गोल?

गोल काढा. एकाच रस्त्यानं परत आलं की पुढचे आणि मागचे समोरासमोर येतात आणि निम्मे लोक मधूनच वळतात.

आमचा गोल असा: अंबाजोगाई, घाट उतरून परळी, तिथून सिरसाळा-तेलगाव, मग वडवणीवरून बीड, मांजरसुंबा घाट चढून नेकनूर, केज आणि परत अंबाजोगाई. दोनशेच्या अलीकडं-पलीकडं भरतं, कमी पडलं तर गावातून एक चक्कर. आता हाच गोल उलटा का नाही? हे दरवर्षी विचारतात. हिवाळ्यात वारं पूर्वेकडचं, त्यामुळं आमच्या दिशेनं केज ते अंबाजोगाई तोंडावर वारं घेत यावं लागतं, उलटं गेलं तर सकाळीच ते पाठीवर मिळतं. पटतंय. पण उलट्या दिशेनं शेवटच्या माणसाला परळीचा घाट १७०-१८० किमी झाल्यावर दिवस मावळता मावळता चढायला लागतो आणि तो पण उसाच्या ट्रॉल्यांबरोबर (प्र. ११). आमच्या दिशेनं मांजरसुंब्याचा घाट त्याला दुपारी तीनच्या आसपास लागतो, चौपदरी रस्ता, लख्ख उजेड. वारं खाल्लेलं परवडतं.

सकाळी परळीकडं उतरताना झुंजूमुंजूच असतं, म्हणून तेवढा घाट एक मोटारसायकलवाला पुढं ठेवतो आणि पायथ्यापर्यंत त्याला कुणी ओलांडायचं नाही हा कडक नियम. खाली परळीच्या थर्मल वीजकेंद्राच्या चिमण्या दिसायला लागल्या की समजा वाचलो.

धारूरचा घाट का नाही घेतला? देखणा आहे, पण अरुंद आहे आणि वळणावर समोरून मालट्रक आला की सायकलवाल्यानं कुठं जायचं. ग्रुपमधले दोघं अजून नाराज आहेत.

६. चढ किती आहे हे नेमकं कसं सांगायचं? प्रत्येकाचं ॲप वेगळं दाखवतंय

दाखवणारच. हवेच्या दाबावर मोजणारं वेगळं, नकाशावरून काढणारं वेगळं. एक टक्का चढ म्हणजे १०० मीटर गेल्यावर एक मीटर वर, एवढं लोकांना समजावून सांगा आणि एकाच ॲपचा आकडा सगळीकडं वापरा. त्यापेक्षा तुमच्यातल्या सगळ्यात हळू माणसाला महिनाभर आधी रूटवर पाठवा, तो उतरून चालत कुठं गेला ते लिहून घ्या.

७. परवानगी कुणाकुणाची लागते?

रस्ता बंद करायचा नसेल तर मुख्य म्हणजे पोलिसांना लेखी कळवणं. एसपी ऑफिसला अर्ज, आणि रूटवर जेवढी ठाणी येतात तेवढ्यांना प्रत. अर्जात सुटायची वेळ, संपायची वेळ, किती जण, कोणत्या गावातून साधारण किती वाजता, दोन जबाबदार माणसांचे नंबर. पोच घेतलेली प्रत प्रत्येक कंट्रोलवर ठेवा, लई कामाला येती. जिल्हा बदलला की तिकडं वेगळा अर्ज. गौताळा, नायगाव, येडशी-रामलिंग असल्या अभयारण्यातून जाणार असाल तर वनविभागाला आधी भेटा, ते गेट आणि वेळेचं सांगतात. वाटेतल्या ग्रामीण रुग्णालयाला पण पत्र द्या.

एका ठाण्यात साहेबांनी अर्ज वाचून विचारलं होतं, "दोनशे किलोमीटर सायकलवर? कामून?" ह्याचं उत्तर आमच्याकडं आजही नाही.

८. समृद्धीवरून घेता येईल का? रस्ता कसला गुळगुळीत आहे

नाही. तिथं सायकलला बंदी आहे, मोटारसायकलला पण.

९. पाण्याचं काय करता? किती लागतं?

माणशी दिवसाला पाच-सहा लिटर धरा. ४० जण असले की २४० लिटर, म्हणजे २० लिटरचे १२ जार, आणि दोन जार जास्तीचे ठेवाच. आपला भाग पाण्याचा दुबळा, गावातल्या हापशावर किंवा टँकरच्या पाण्यावर आपण हात मारायचा नाही हे पहिलं ठरवलंय. बीड सोडलं की मांजरसुंब्याच्या माथ्यापर्यंत उन्हात चढ आहे, म्हणून घाटाच्या पायथ्याला नुसत्या पाण्याचा एक थांबा, शिक्का नाही काही नाही.

ओआरएसचं एक सांगतो, नव्वद टक्के लोक चुकतात. मोठं पाकीट एक लिटर पाण्यासाठी असतं आणि आपले लोक ते अर्ध्या लिटरच्या बाटलीत ओतून हलवतात, मग मळमळतंय म्हणतात. पाकीट संपलं तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा.

१०. खायला काय ठेवायचं?

केळी, शेंगदाणा चिक्की, उकडलेले बटाटे, मीठ लावलेले शेंगदाणे. सकाळच्या कंट्रोलवर सुशीला (भिजवलेल्या मुरमुऱ्यांची), ती पोटाला हलकी आणि करायला सोपी. दुपारी ज्वारीची भाकरी, पिठलं, ठेचा बाजूला. पुण्याहून आलेले पोरं ठेचा जास्त खातात आणि घाटात आम्हाला शोधतात, तेव्हा ठेचा मोजून वाढा. तळलेली भजी दुपारी नको, शेवटी द्या.

हुरड्याचा मोह सगळ्यात वाईट, त्याबद्दल प्र. १६ मध्ये.

११. रात्री रस्ता सुरक्षित आहे का? उसाच्या ट्रॉल्यांची लई भीती वाटते

भीती वाटलीच पाहिजे. नोव्हेंबर ते मार्च कारखाने चालू, परळी-तेलगाव पट्ट्यात एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, ऊस बाहेर दोन्ही बाजूला निघालेला, मागं रिफ्लेक्टर असला तर असला. मागून ती काळी भिंत दिसतच नाही. त्यात ट्रॅक्टरवर गाणी एवढी मोठी की घंटी वाजवा नाहीतर बोंबला. बैलगाड्या पण असतात, त्या तर बिनआवाजाच्या.

आम्ही काय करतो: पुढं पांढरा, मागं लाल लाइट आणि अंगावर चमकणारं जाकीट नसलं तर सकाळी सोडतच नाही, मग तो कुणाचा मेहुणा का असेना. लाइट चालू करून दाखवायचा, नुसता बॅगेत आहे म्हणून चालत नाही. मागचा लाइट लुकलुकता नको, गटात मागच्याच्या डोळ्यात जातो, स्थिर ठेवा. अंधार पडल्यावर ट्रॉली ओलांडायची नाही, थांबून चहा प्यायचा. आणि सीझनआधी कारखान्याच्या गेटवर जाऊन ट्रॅक्टरवाल्या मामांना रिफ्लेक्टरच्या पट्ट्या वाटा, स्वस्तातलं काम आहे, ते नाही म्हणत नाहीत.

१२. पंक्चर फार होतात का?

होतात. वेडी बाभळ आणि सराटे, दोन्ही रस्त्याच्या कडेलाच. गाडी आली म्हणून खाली उतरलात की काढून बघा टायर. प्रत्येकाकडं दोन ट्यूब, पाना, पंप पाहिजे. गावातल्या पंक्चरवाल्या काकांचा पंप बारीक फ्रेंच व्हॉल्व्हला बसत नाही, दहा-वीस रुपयांचं पितळी अडॅप्टर खिशात ठेवा आणि प्रत्येक कंट्रोलवर चार ठेवा.

१३. माझ्याकडं साधी काळी सायकल आहे, २२ इंची, चालेल का?

चालेल. ब्रेक तपासून घेऊ, तेवढंच. एका वर्षी पन्नाशी ओलांडलेले एक मास्तर ॲटलासवर आले होते, पायात चप्पल, कॅरिअरला डबा बांधलेला. मांजरसुंब्याच्या घाटात ते सरळ उतरून सायकल हातात धरून चालले, तोंडात बडीशेप. चालणं नियमात बसतं. तेरा तास पाच मिनिटांत आले आणि म्हणाले, डबा खायचा राहिला की.

१४. बायकांसाठी सोय असते का? मी आणि माझी बहीण येणार आहोत

या ताई. हा प्रश्न आम्हाला पहिल्या वर्षी सुचलाच नाही याची लाज वाटते. आता कंट्रोल निवडतानाच स्वच्छ, आतून कडी लागणारं बाथरूम बघतो, ते नसलं तर जागा कितीही चांगली असू दे, सोडून देतो. पेट्रोल पंपावर आदल्या दिवशी जाऊन चावी कुणाकडं असते ते विचारून ठेवतो, कारण पंपावरचं बाथरूम असतं पण कुलूप लावलेलं असतं. प्रत्येक कंट्रोलवर एक तरी महिला स्वयंसेवक, आणि तिथं सॅनिटरी पॅड.

१५. कुणी पडलं तर?

१०८ ला फोन, पोलिस लागले तर ११२, राष्ट्रीय महामार्गावर १०३३ पण चालतो. घाटात रेंज जाते, त्यामुळं रेंज कुठं आहे कुठं नाही हे आधीच फिरून नकाशावर लिहा आणि तो नकाशा फोनमध्ये ऑफलाइन उतरवून घ्यायला लावा. डोक्याला मार लागलेला माणूस मी बरा आहे म्हणत असला तरी त्याची राइड संपली, वाद नाही. हेल्मेटशिवाय कुणाला सोडू नका. गटाचा अपघात विमा काढा. १८ पूर्ण नसलेल्यांना आम्ही घेत नाही, बापानं सही देतो म्हटलं तरी.

कुत्री मागं लागली तर पळवू नका सायकल, वेग कमी करा, उतरून सायकल मधे धरा, बहुतेक कुत्री तिथंच गप होतात.

१६. एखादा माणूस सापडतच नाही असं झालंय का?

झालंय. दुसऱ्या वर्षी. शेवटच्या माणसामागं आमची स्वीप गाडी असते, ती नेकनूरच्या पुढं आली आणि केजच्या कंट्रोलवर एक नंबर कमी भरला. फोन बंद. रात्री आठपासून आम्ही दोन गाड्या घेऊन रस्त्याच्या कडेनं बॅटरी मारत फिरलो, प्रत्येक पुलाखाली उतरून बघितलं, त्याच्या घरी फोन करायची कुणाची हिंमत होईना. साडेदहाला त्याचाच फोन. रस्त्याच्या कडेला हुरडा भाजत होते, शेतवाल्यांनी या म्हटलं, बसला, खाल्ला, पाय अखडले, मग तिथूनच जवळच्या गावात मावशीकडं गेला, भाकरी खाऊन झोपला. फोन चार्जिंगला लावून. आम्ही त्याला शिव्या पण देऊ शकलो नाही, एवढं हायसं वाटलं.

तेव्हापासून तीन गोष्टी. सोडायचं असलं तर आधी फोन, मग आराम, हे सुटताना सगळ्यांकडून मोठ्यानं म्हणवून घेतो. घरच्या माणसाचा नंबर आमच्याकडं लिहिलेला असतो. आणि स्वीप गाडीनं मागच्या कंट्रोलची यादी हातात घेतल्याशिवाय तिथून हलायचं नाही, "सगळे गेले वाटतं" हे चालत नाही.

१७. मधेच रास्ता रोको लागला तर?

आपल्याकडं हा प्रश्न मनातला नाही, रोजचा आहे. सायकलवाल्यांना बहुतेक वेळा जाऊ देतात, हात जोडून पायी निघायचं, व्हिडिओ काढायचा नाही. नाहीच सोडलं तर तिथं पोचल्याची आणि सुटल्याची वेळ फोटोसकट लिहा, तेवढी मिनिटं तिथं अडकलेल्या सगळ्यांना पुढच्या कंट्रोलवर मिळतात. शेतातून पर्यायी रस्ता स्वतःच्या मनानं काढू नका, आधी आयोजकाला विचारा.

१८. कंट्रोल बंद झाल्यावर ४ मिनिटांनी पोचलो, पण पडलेल्या माणसाला मदत करत होतो. बाद का?

नाही. बीआरएमच्या नियमातच आहे की अपघातात मदत, रस्ता बंद असली हाताबाहेरची कारणं असतील तर आयोजक सूट देऊ शकतो. थकलो होतो, चेन तुटली, झोप लागली ही कारणं त्यात बसत नाहीत. ज्याला मदत केली त्याला आम्ही फोन लावून विचारतो, एवढंच.

१९. घाटात ट्रॅक्टरला धरून चढला तर? आणि सायकल टेम्पोत टाकून दुरुस्तीला नेली तर?

ट्रॅक्टरला धरलं की बाद, आणि पुढच्या वर्षी पण नाही. टेम्पोचं वेगळं आहे. मागच्या गावात दुरुस्तीला नेली आणि जिथून उचलली तिथंच परत उतरवून पुढं निघाला तर आम्ही धरतो, मधे गेलेली वेळ त्याची त्यानं सोसायची. पुरावा म्हणून उचलताना आणि उतरवताना जवळच्या किलोमीटरच्या दगडाचा फोटो टाकायचा, फोटोत सायकल पण दिसली पाहिजे.